शरीरातील वस्तू आणि दप्तरातील नोंद : ‘एएसआर’ खुबा-सांधा प्रकरणावरील शासकीय अहवालाची चिकित्सा

सारांश

डिप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा खुब्याचा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. त्यांतील ३,६०० हून अधिक रुग्णांचा ठावठिकाणा लागू शकला नाही. या प्रकरणी केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालाचे परीक्षण प्रस्तुत लेखात केले आहे. समितीने नुकसानभरपाईच्या प्रश्नाला दिलेले महत्त्व योग्यच आहे. तथापि भरपाईच्या आधीचा प्रश्न नोंदीचा आहे आणि त्याचा विचार अहवालात पुरेसा झालेला नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

आधुनिक शस्त्रचिकित्सेने सामान्य माणसाला दिलेल्या मोठ्या देणग्यांत सांधेरोपणाची गणना करावी लागेल. सर जॉन चार्न्ली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात धातूचा लहान गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी अशी जोडी वापरण्यास सुरुवात केली. खुब्याच्या वेदनेने अंथरुणाला खिळलेली माणसे त्यानंतर चालू लागली. तत्पूर्वी चार्न्ली यांनी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली होती. ती झिजली, झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊतींचा दाह झाला आणि पुष्कळ रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. हा दोष चार्न्ली यांच्या ध्यानी आला, कारण ते रुग्ण त्यांच्याच देखरेखीखाली होते. पुढील सुधारणा या अपयशाच्या नोंदीतून झाली.

या जुन्या घटनेत आपल्या विषयाचे सूत्र सापडते. कृत्रिम सांधा चांगला की वाईट, हे शस्त्रक्रियेच्या दिवशी कळत नाही. ते कळायला पाच, दहा, पंधरा वर्षे जावी लागतात. तेवढा काळ रुग्ण आणि सांधा यांची जोडी कोणाच्या तरी दप्तरात एकत्र राहिली पाहिजे. ती राहिली नाही, तर काय घडते हे ‘एएसआर’ प्रकरणाने दाखवून दिले. हे प्रकरण आपल्याकडे प्रामुख्याने एका बहुराष्ट्रीय कंपनीचा गैरव्यवहार म्हणून चर्चिले गेले. ती चर्चा आवश्यकच होती. परंतु तिच्या गदारोळात आपल्या स्वतःच्या व्यवस्थेचे परीक्षण मागे पडले.

सांध्याची घडण आणि दोष

‘एएसआर’ हा धातूवर धातू फिरणाऱ्या सांध्यांच्या वर्गातील होता. गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची होती. पॉलिथिलीनची वाटी झिजते, म्हणून तरुण व हालचाल अधिक असणाऱ्या रुग्णांसाठी धातूची वाटी अधिक टिकाऊ ठरेल, ही त्यामागील कल्पना. कल्पना तर्काला पटणारी होती. मात्र ‘एएसआर’ची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती. बसवताना तिचा कोन थोडा जरी तिरपा झाला तरी शरीराचा भार वाटीच्या कडेवर येई. कडेवर घासलेल्या धातूचे सूक्ष्म कण ऊतींत साचत आणि कोबाल्ट व क्रोमियमचे आयन रक्तात मिसळत. परिणामी सांध्याभोवतालचे स्नायू व हाड यांची हानी, गाठी, वेदना आणि अखेरीस पुनर्शस्त्रक्रिया, असा क्रम अनेक रुग्णांच्या वाट्याला आला.

हा सांधा बाजारात कसा आला, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत १९७६ च्या कायद्यानुसार एखादे उपकरण आधीच्या मान्य उपकरणाशी ‘पुरेसे समतुल्य’ असल्याचे दाखवले, की रुग्णांवरील स्वतंत्र चाचणीशिवाय त्याला वाट मोकळी होते. ‘एएसआर एक्सएल’ला २००५ मध्ये याच मार्गाने मान्यता मिळाली. ज्यांच्याशी साम्य दाखवायचे त्या उपकरणांनाही पूर्वीच्या उपकरणांशी असलेल्या साम्यावरच मान्यता मिळालेली असते. या साखळीतील काही सांधे तोवर बाजारातून गेलेलेही होते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये ही पद्धतच बदलावी, अशी शिफारस केली. धातूवर धातू असलेल्या संपूर्ण खुबा-सांध्यांसाठी अमेरिकी नियामकाने कठोर पूर्वमान्यतेची अट घातली ती २०१६ मध्ये. म्हणजे प्रगत देशांतील पूर्वतपासणीही निर्दोष नव्हती.

दोष कोणाला दिसला?

पूर्वतपासणीतून निसटलेला दोष पकडला तो नोंदणीने. स्वीडनने गुडघ्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदणी १९७५ मध्ये आणि खुब्याच्या सांध्यांची १९७९ मध्ये सुरू केली. ऑस्ट्रेलियाची नोंदणी १९९९ मध्ये, तर इंग्लंड व वेल्सची २००३ मध्ये सुरू झाली. इंग्लंडमधील नोंदणीला एका जुन्या अपयशाची पार्श्वभूमी होती. ‘३एम कॅपिटल’ नावाचा खुबा-सांधा १९९१ ते १९९७ या काळात तेथे साडेचार हजारांहून अधिक रुग्णांत बसवला गेला. १९९८ मध्ये त्याविषयी धोक्याची सूचना निघाली, तेव्हा हे रुग्ण शोधून काढण्याचे काम किती कठीण आहे, याचा अनुभव आला. त्या अनुभवातून राष्ट्रीय नोंदणीच्या मागणीला बळ मिळाले.

‘एएसआर’च्या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीने २००७ पासूनच्या अहवालांत पुनर्शस्त्रक्रियांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक असल्याचे दाखवले. डिसेंबर २००९ मध्ये तेथील बाजारातून हा सांधा मागे घेण्यात आला. इंग्लंड व वेल्सच्या नोंदणीनुसार पाच वर्षांत पुनर्शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्यांचे प्रमाण एका प्रकारात १२ टक्के व दुसऱ्या प्रकारात १३ टक्के आढळले. हीच आकडेवारी पुढे करून २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीने जगभरातून सांधा परत मागवला. तोवर जगात सुमारे ९३,००० रुग्णांच्या शरीरात तो बसलेला होता.

येथे एक गोष्ट विशेष नमूद केली पाहिजे. नोंदणी अपयश पकडते, तसा यशाचा पुरावाही तीच देते. ऑस्ट्रेलिया व फिनलंड येथील नोंदणीच्या आधारे ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के व गुडघ्याचे सुमारे ८२ टक्के कृत्रिम सांधे पंचवीस वर्षे टिकतात. भारतीय डॉक्टर रुग्णाला धीर देताना ज्या आकड्यांचा आधार घेतात, ते बहुतांशी असे परदेशी नोंदणीतून आलेले असतात. आपल्या रुग्णांची स्थिती मात्र वेगळी आहे. मांडी घालून आणि उकिडवे बसणे हा आपल्याकडील नित्याचा व्यवहार. शिवाय रक्तपुरवठा खंडित झाल्याने खुबा निकामी होणाऱ्या तुलनेने तरुण रुग्णांचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे. त्यांच्या शरीरात सांधा अधिक वर्षे राहणार. त्यांच्याविषयी बोलायचे तर आपले आकडे हवेत.

भारतातील घटनाक्रम

भारतात वैद्यकीय उपकरणांवर दीर्घकाळ पुरेसे कायदेशीर नियंत्रण नव्हते. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्र शासनाने काही निर्जंतुक उपकरणांना १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली ‘औषध’ ठरवले. त्यांत अस्थिरोपणाची उपकरणे होती. ‘एएसआर’च्या आयातीला २००६ मध्ये परवाना मिळाला. ऑगस्ट २०१० मध्ये सांधा जगभरातून परत मागवला गेला. भारतातील आयात परवाना रद्द झाला २०१२ मध्ये. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणात पुढाकार घेऊन पोलिसांत गुन्हा नोंदवला, ही गोष्ट या राज्यातील वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. केंद्रीय औषध नियंत्रकांनी देशभरासाठी धोक्याची सूचना काढली ती डिसेंबर २०१३ मध्ये, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर.

या विलंबाचा अर्थ केवळ दिरंगाई असा घेतला जातो. प्रत्यक्षात तो अधिक गंभीर आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांवर आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्याचे बंधन होते. सांध्याच्या खोक्यात त्याच्या तुकडीचा क्रमांक असलेले स्टिकर असतात. त्यांतील एक शस्त्रक्रियेच्या कागदांवर चिकटवले जाते. कोणत्या रुग्णाच्या शरीरात कोणता सांधा आहे, याचा तोच मूळ पुरावा. आता हिशेब करावा. सांधा ऑगस्ट २०१० मध्ये परत मागवला गेल्यामुळे तो त्यापूर्वी बसवला गेला, असे धरले पाहिजे. त्यानुसार कागद जपण्याचे तीन वर्षांचे बंधन ऑगस्ट २०१३ पर्यंत सर्वांच्या बाबतीत संपले. सूचना निघाली डिसेंबरमध्ये. ज्या दिवशी शासनाने रुग्णांना सावध करायचे ठरवले, त्या दिवशी त्यांना शोधून देणारा कागद जपण्याचे कायदेशीर बंधन कोणावरही उरलेले नव्हते. काही रुग्णालयांनी कागद त्याहून अधिक काळ जपलेही असतील. पण तो त्यांचा विवेक, व्यवस्थेची हमी नव्हे.

रुग्णाच्या हाती राहते ते डिस्चार्ज कार्ड. त्यावर बहुधा शस्त्रक्रियेचे नाव असते, सांध्याचे नाव असतेच असे नाही. घर बदलताना, गाव सोडताना ते कार्ड हरवते. आपल्या मांडीच्या सांध्यात कोणत्या कंपनीची वस्तू आहे, हे न जाणणाऱ्या माणसाने वर्तमानपत्रातील सूचना वाचली तरी ती आपल्यासाठी आहे, हे त्याला कळणार कसे? आपल्याकडे गुंठाभर जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते आणि जुन्या दुचाकीचा मालक परिवहन कार्यालयाच्या दप्तरात सापडतो. शरीरात कायमची बसवलेली वस्तू मात्र कोणत्याच दप्तरात नव्हती.

तज्ज्ञ समितीचा अहवाल : बलस्थाने

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये डॉ. अरुण कुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने फेब्रुवारी २०१८ मध्ये अहवाल दिला. तो लोकांसमोर आला ऑगस्ट २०१८ मध्ये. अहवालाने काही गोष्टी निःसंदिग्धपणे मांडल्या. सदोष सांध्यामुळे रुग्णांना सोसाव्या लागलेल्या यातनांची जबाबदारी कंपनीने घेतली पाहिजे आणि प्रत्येक बाधित रुग्णाला किमान २० लाख रुपये मिळाले पाहिजेत, असे समितीने सांगितले. पुनर्शस्त्रक्रियेच्या खर्चाची परतफेड ऑगस्ट २०२५ पर्यंत चालू ठेवावी, भरपाईची तरतूद कायद्यात करावी आणि अधिक जोखमीच्या उपकरणांच्या वापराची स्वतंत्र नोंदणी उभारावी, अशाही शिफारशी त्यात होत्या. भारतीय रुग्णाच्या शरीराची किंमत अमेरिकी रुग्णाच्या शरीरापेक्षा कमी का, हा प्रश्न शासकीय दस्तऐवजात यानिमित्ताने प्रथमच गांभीर्याने पुढे आला. अमेरिकेत कंपनीने २०१३ मध्ये सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली होती, हे लक्षात घेता तो प्रश्न रास्त होता.

त्यानंतर नेमलेल्या डॉ. आर. के. आर्य समितीने वय व अपंगत्वाच्या प्रमाणावर आधारित सूत्र सुचवले. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने जाहीर केलेल्या या सूत्रानुसार भरपाई ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत जात होती. आपले म्हणणे ऐकून न घेता सूत्र ठरवले, असा आक्षेप घेत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी तिने आपल्या कायदेशीर भूमिकेला बाध न आणता दर्शवली.

अहवालाच्या मर्यादा

आता या अहवालाच्या मर्यादांकडे वळू. पहिली मर्यादा अशी, की त्यातील भरपाईची सारी रचना समोर आलेल्या रुग्णाला गृहीत धरते. सूत्रातील वय, अपंगत्व, जोखीम ही सर्व मापे अर्जदाराच्या शरीराची आहेत. ज्याने अर्जच केला नाही त्याला सूत्र लागू पडत नाही. सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांच्या तुलनेत ६७ हा आकडा ठेवून पाहिला, म्हणजे या रचनेची मर्यादा उघड होते. कंपनीच्या मदतवाहिनीवर सुमारे एक हजार रुग्णांची नोंद झाली. उरलेल्यांचा शोध ही कोणाची कायदेशीर जबाबदारी, याचे स्पष्ट उत्तर मिळत नाही. विक्रेत्याकडे रुग्णालयाचे नाव होते, रुग्णालयाकडे रुग्णाचे नाव होते, नियामकाकडे विक्रेत्याचे नाव होते. एकाच्याही हाती पूर्ण साखळी नव्हती. जबाबदारी वाटली गेली आणि वाटली गेल्यामुळेच नाहीशी झाली.

दुसरी मर्यादा क्रमाची आहे. स्वतंत्र नोंदणीची शिफारस अहवालात आहे, पण ती अनेक शिफारशींपैकी एक म्हणून येते. वास्तविक ती इतर सर्व शिफारशींची पूर्वअट आहे. नोंद नसेल तर दोष उशिरा कळतो, बाधित सापडत नाहीत, कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याचा भार रुग्णावर पडतो आणि भरपाई कागदावर राहते. परतफेडीसाठी सुचवलेली २०२५ ची मुदतही याच दृष्टीने तपासावी लागेल. ज्याला आपल्या शरीरातील वस्तूचे नावच ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती मुदत पाच वर्षांची असली काय आणि पंधरा वर्षांची असली काय, सारखीच.

तिसरी मर्यादा शब्दाची आहे. ‘परत मागवणे’ हा व्यापारातील शब्द. दुकानाच्या फळीवरील माल परत मागवता येतो. हाडात रुजलेला सांधा परत मागवता येत नाही. तेथे फक्त माणसाला बोलावता येते, त्याचे रक्त तपासता येते, त्याच्यावर लक्ष ठेवता येते. ब्रिटनच्या नियामकाने एप्रिल २०१० मध्येच धातूवर धातू असलेल्या सांध्यांच्या रुग्णांसाठी रक्तातील धातूच्या प्रमाणाची मर्यादा सांगून पाठपुराव्याची दिशा दिली होती. आपल्याकडे परवाना रद्द करणे हीच कारवाईची परिसीमा मानली गेली. परवाना रद्द झाल्याने पुढील रुग्ण वाचतात, मागील रुग्णांचे काहीच होत नाही.

नंतरचे नियम : काय बदलले, काय राहिले

वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. त्यांत जोखमीनुसार उपकरणांचे चार वर्ग पाडले असून उपकरणावर विशिष्ट ओळखक्रमांक असण्याची तरतूदही आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली. उपकरणांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्येच सुरू झाला होता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. ही प्रगती मान्य केली पाहिजे.

परंतु या प्रत्येक तरतुदीची मर्यादाही पाहावी. ओळखक्रमांक वस्तू ओळखतो, ती कोणाच्या शरीरात आहे हे सांगत नाही. दुष्परिणामांची माहिती कोणी कळवली तरच गोळा होते. एकूण किती सांधे बसवले हा छेद ठाऊक नसेल, तर आलेल्या तक्रारींवरून प्रमाण काढता येत नाही. संख्याशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजेल. ग्राहक कायद्याखाली तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि तक्रार करायला तक्रारदार जाणता असावा लागतो. अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेने चालवलेली सांधेनोंदणी स्तुत्य असली, तरी ती ऐच्छिक आहे. आपला निकाल चांगला असणारा डॉक्टर नोंद करण्यास उत्सुक असतो. ज्याचा निकाल वाईट, त्याची नोंद अधिक हवी असते. इंग्लंडमध्येही २०११ पासून सरकारी रुग्णालयांना नोंदणी सक्तीची करावी लागली, ती याचसाठी.

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. किंमत सर्वांना कळते, बिलावर दिसते. टिकाऊपणा बिलावर दिसत नाही. पण स्वस्त झालेला सांधा किती वर्षे टिकतो, हे मोजण्याची सोय त्याच वेळी का केली नाही, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

आक्षेपांचा विचार

सक्तीच्या नोंदणीवर तीन आक्षेप संभवतात. खर्च हा पहिला. परंतु जी माहिती खोक्याच्या स्टिकरवर छापलेलीच असते, ती रुग्णाच्या नावाशी जोडून पाठवण्याचा खर्च सांध्याच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक आहे. दुसरा आक्षेप रुग्णाच्या खाजगीपणाचा. तो गंभीर आहे, म्हणून नोंदणी स्वतंत्र संस्थेकडे असावी. उत्पादकाला त्यातून एकत्रित आकडे मिळावेत, नावे मिळू नयेत आणि रुग्णाची संमती घेतली जावी. तिसरा आक्षेप असा, की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. ही तर संधी आहे. ‘एएसआर’ प्रकरणात एका राज्याच्या प्रशासनाला पुढाकार घेता आला. महाराष्ट्रासारख्या, सांधेरोपणाची मोठी केंद्रे असलेल्या राज्याला रुग्णालयांच्या नोंदणीच्या अटींमध्ये सांधेनोंदणीचा समावेश करण्याचा विचार स्वतःहून करता येईल.

समारोप

सारांश, ‘एएसआर’ प्रकरणात सदोष धातूइतकीच सदोष होती ती दप्तराची व्यवस्था. धातूचा दोष कंपनीचा होता. दप्तराचा दोष आपला होता. तज्ज्ञ समितीने पहिल्याची झडती घेतली आणि दुसऱ्याचा उल्लेख करून ती पुढे गेली. अहवालाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, पण त्याचे वाचन भरपाईच्या आकड्यापाशी थांबू नये. त्यातील नोंदणीची शिफारस प्रथम क्रमांकाची मानून तिचा पाठपुरावा व्हावा. शस्त्रक्रियेची कागदपत्रे सांध्याच्या अपेक्षित आयुष्याइतकी वर्षे जपण्याचे बंधन असावे. प्रत्येक रुग्णाला सांध्याचे नाव व क्रमांक असलेले कार्ड मराठीत, त्याला वाचता येईल अशा भाषेत, मिळावे.

ज्या ३,६०० हून अधिक लोकांचा शोध लागला नाही, त्यांतील कित्येकांचा सांधा कदाचित उत्तम चालत असेल. कित्येकजण वाढत्या वेदनेला वयाचा दोष मानून गप्प बसले असतील. यांतील कोण कोणत्या गटात आहे, हे सांगण्याचे साधन आज आपल्यापाशी नाही, आणि पुढील सदोष सांध्याच्या वेळी ते असेल की नाही हे आजच्या निर्णयावर अवलंबून आहे.